बसने, ट्रेनने दलदलीत: टॅलिन आणि रिगाजवळच्या फळीवाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एस्टोनियाच्या राजधानीत, टॅलिनला, राहायला आल्यापासून उन्हाळा जवळ आला की फोनवर तेच तेच प्रश्न येऊ लागतात. कुणी शिकायला आलेलं असतं, कुणी हेलसिंकीहून शनिवारी येणार असतं, कुणाचे आई-बाबा पुण्याहून महिनाभरासाठी आलेले असतात. गाडी कुणाकडेच नसते. दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवलं आहे. बसच्या वेळा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या बदलतात. कशा शोधायच्या ते सांगितलं आहे.

१. दलदल बघायला कशाला जायचं? चिखलच असतो ना?

मीही हेच विचारलं होतं. आपल्याकडे दलदल म्हटलं की खाडीकाठचा काळा गाळ किंवा पावसाळ्यात म्हशी बसतात ती जागा डोळ्यापुढे येते. इथली ‘राबा’ वेगळी. एस्टोनियन भाषेत कुठल्याही पाणथळ जमिनीला ‘सो’ म्हणतात आणि त्यातल्या एका खास प्रकाराला ‘राबा’. राबा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किंचित उंच असते, उलट्या ठेवलेल्या बशीसारखी. तिला नदीचं किंवा झऱ्याचं पाणी मिळत नाही, फक्त पावसाचं आणि बर्फाचं. त्या पाण्यावर स्फॅग्नम नावाचं शेवाळ वाढतं. ते स्वतःच्या कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी धरून ठेवू शकतं. खालचा भाग मरतो, पण पाण्यात हवा नाही आणि आंबटपणा भरपूर, त्यामुळे तो नीट कुजत नाही. तोच साचून पीट होतं. वाढीचा वेग वर्षाला सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे मीटरभर थराला हजार वर्षं. फळीवाटेवर, म्हणजे दलदलीवरून जाणाऱ्या लाकडी फळ्यांच्या वाटेवर, उभं राहून खाली बघाल तेव्हा हे गणित आठवा. शिवकाळ तुमच्या पायाखाली साधारण हातभर खोल असेल.

एस्टोनियाचा पाचवा हिस्सा तरी अशा पाणथळ जमिनीचा आहे. बघायला मिळतं ते असं: सपाट, लालसर-हिरवं गालिच्यासारखं मैदान, त्यात आरशासारखी काळी तळी, आणि माणसाच्या उंचीची खुरटी पाइनची झाडं. चिखल कुठेच दिसत नाही.

२. गाडी नाही. मग कुठली जागा निवडू?

तीन नावं लक्षात ठेवा.

विरू राबा: टॅलिनच्या पूर्वेला, लाहेमा राष्ट्रीय उद्यानात. हे उद्यान १९७१ साली झालं, सोव्हिएत संघातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. बसने तासाभराचा प्रवास. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी डोळे मिटून हेच सुचवते.

केमेरी: लाटव्हियात, रिगाच्या पश्चिमेला. राष्ट्रीय उद्यान १९९७ पासूनचं. ट्रेनने जाता येतं ही मोठी सोय, पण स्टेशनपासून चालणं बरंच आहे. तळी इथे जास्त, आणि फोटो म्हणाल तर विरूपेक्षा सरस येतात.

पास्क्युला: टॅलिन शहराच्या हद्दीतच, लोकल ट्रेनने जाता येतं. अर्ध्या दिवसाची मोकळीक असेल तर ठीक. पण ही जखमी दलदल आहे. तिच्याबद्दल शेवटच्या प्रश्नात सांगितलं आहे.

सोमा या राष्ट्रीय उद्यानाचं नाव सगळे काढतात. नावाचा अर्थच ‘दलदलींचा देश’. वसंतात तिथे एवढा पूर येतो की स्थानिक लोक त्याला पाचवा ऋतू म्हणतात. जागा अप्रतिम, पण सार्वजनिक वाहनाने तिथे जाणं म्हणजे दिवसभर बसथांब्यांवर बसून राहणं. गाडीवाला मित्र शोधा किंवा नाद सोडा.

३. टॅलिनहून विरूला नेमकं कसं जायचं?

जुन्या शहराला लागून असलेल्या ‘बाल्टी याम’ला जा. बाल्टी म्हणजे हिंदीतली बादली नव्हे, बाल्टिक; याम म्हणजे स्टेशन. ट्रेन इथून सुटतात, आणि लोक्सा गावाच्या दिशेच्या काउंटी (जिल्ह्याच्या) बसही इथूनच सुटतात. लांब पल्ल्याच्या बसचं मोठं स्थानक वेगळं आहे, शहराच्या दुसऱ्या बाजूला. निम्मे लोक चुकून तिथे जाऊन उभे राहतात.

उतरायचा थांबा ‘लोक्सा टे’. टे म्हणजे रस्ता. (याच शब्दाचा दुसरा अर्थ चहा. दलदलीतलं पाणी पाहिलंत की हा योगायोग पटेल.) थांबा टॅलिन–नार्वा महामार्गावर आहे. तिथून लोक्साच्या रस्त्याने साधारण १ किलोमीटर चाललं की वाटेची सुरुवात.

वेळा बघायला ‘पेआतुस डॉट ईई’ ही देशभराच्या बस-ट्रेनची साइट वापरा. पेआतुस म्हणजे थांबा. शोधताना दोन गोष्टी सांभाळा. तारीख घातल्याशिवाय शोधू नका, कारण शनिवार-रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं. आणि जायची बस ठरवायच्या आधी परतीची ठरवा. का, ते प्रश्न ६ मध्ये.

बसमध्ये चढताना ड्रायव्हरला थांब्याचं नाव सांगा. तो हसणार नाही, बोलणारही नाही, पण ऐकलेलं असतं. तरी थांबा जवळ आला की बटण दाबायचं काम तुमचंच.

४. रिगाहून केमेरीला?

रिगाच्या मध्यवर्ती स्टेशनवरून तुकुम्सच्या दिशेची ट्रेन घ्यायची. प्रवास तासाभराचा. वाटेत युर्माला लागतं, समुद्रकिनाऱ्यावरचं लांबुळकं गाव, त्याची एकामागोमाग एक बरीच स्टेशनं येतात. घोळ होतो तो इथे: या मार्गावरच्या सगळ्या ट्रेन केमेरीपर्यंत जात नाहीत. काही मध्येच, स्लोकासारख्या स्टेशनवर संपतात. फलाटावरच्या फलकावर शेवटचं स्टेशन बघूनच चढा. केमेरीच्या पहिल्या अक्षराखाली स्वल्पविरामासारखी शेपटी असते, त्यामुळे उच्चार जरा ‘क्येमेरी’कडे झुकतो. तिकीट खिडकीवर ‘केमेरी’ म्हटलं तरी कळतं.

स्टेशनपासून फळीवाटेच्या तोंडापर्यंत तीन-साडेतीन किलोमीटर पायी. वाटेत महामार्ग ओलांडायचा आहे. गाड्या सुसाट येतात, तेव्हा मुंबईचा अनुभव पणाला लावू नका, दोन्हीकडे बघा. नंतरचा रस्ता जंगलातून जातो आणि छान आहे. सायकल असेल तर ट्रेनमध्ये नेता येते आणि हा सगळा प्रश्नच मिटतो.

५. टॅलिनमध्ये प्रवास फुकट असतो म्हणे. मग विरूचं तिकीट कशाला?

अर्धी माहिती. २०१३ पासून टॅलिनमध्ये शहर वाहतूक फुकट आहे ती टॅलिनचे रहिवासी म्हणून नोंद असलेल्यांना, आणि शहराच्या बस-ट्रामवर. पाहुण्यांना नाही. विरूची बस शहराबाहेर जाते, तिला ही सवलत लागू नाही. तिकीट काढा. उद्यानाला किंवा वाटेला मात्र प्रवेश शुल्क नाही, विरूलाही नाही आणि केमेरीलाही नाही. गेट नाही, पहारेकरी नाही, ‘किती जण?’ विचारणारं कुणी नाही.

६. परतीची बस चुकली तर?

तर थांब्यावर बसून पाइनची झाडं मोजायची. माझं झालं होतं ते सांगते, म्हणजे तुमचं होणार नाही.

ऑक्टोबरचा रविवार होता. वेळेआधी दहा मिनिटं थांब्यावर पोहोचले, बाकावर बसले, थर्मासातला शेवटचा चहा ओतला. बस लांबून दिसली. मी कप हातात धरून शांतपणे बघत राहिले, थांबेलच म्हणून. ती थांबली नाही. वाऱ्याचा झोत आला आणि निम्मा चहा मोज्यावर. इथे गावाबाहेरच्या थांब्यावर हात दाखवल्याशिवाय बस थांबेलच असं नाही. नुसतं उभं राहून भागत नाही, आणि मी तर बसले होते. पुढची बस दोन तासांनी. पाचनंतर अंधारून यायला लागलं तेव्हा मोबाइलचा टॉर्च लावून उभी राहिले आणि त्या बसला एसटीला दाखवतात तसा अख्खा हात दाखवला.

तेव्हा: उभे राहा, हात दाखवा, अंधारात दिवा किंवा परावर्तक पट्टी ठेवा. इथे अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने परावर्तक लावणं कायद्यानेच सक्तीचं आहे. कोटाच्या खिशाला लटकवायचं छोटं लोलक कुठल्याही किराणा दुकानात मिळतं. महामार्गाच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं तेही बघा. इथे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे आपल्या सवयीने पाय चुकीच्या थांब्याकडे वळतात.

अ‍ॅपवरची टॅक्सी टॅलिनमध्ये चुटकीसरशी येते. दलदलीच्या तोंडाशी तिच्यावर विसंबू नका.

७. किती चालावं लागतं? आई-बाबांना झेपेल का? बाबागाडी?

विरूची वाट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ३.५ किलोमीटर. जंगलातून वळसा घालून गोल पूर्ण केलात तर ६ च्या आसपास. चढ नाही. दोन-अडीच तास धरा, फोटो काढणारी मंडळी असतील तर तीन. केमेरीला दोन वर्तुळं आहेत: छोटं १.४ किलोमीटरचं, मोठं ३.४ किलोमीटरचं. वरून दलदल बघायचा मनोरा दोन्हीकडे आहे, केमेरीत तो मोठ्या वर्तुळावर. पण त्यात स्टेशनचं जाणं-येणं मिळवलं की दिवसाचा हिशेब दहा किलोमीटरपर्यंत जातो.

म्हणून सत्तरीच्या आई-बाबांना विरू. माझ्या आईने गुडघ्याला पट्टा बांधून मनोऱ्यापर्यंत जाऊन-येऊन केलं. मनोऱ्याच्या पायऱ्या तिने चढल्या नाहीत, खाली बसून शेंगदाण्याचे लाडू वाटले. शेजारच्या एस्टोनियन आजोबांनी दोन घेतले. आईच्या मते दलदलीपेक्षा तेच विशेष.

बाबागाडी विरूच्या सुरुवातीच्या रुंद भागात जाते, मनोऱ्यापर्यंत नेणारे आईबाप मी पाहिले आहेत. पुढे वाट अरुंद होते आणि समोरून कुणी आलं तर बाजूला व्हायला जागा शोधावी लागते. लहान मूल चालतं असेल तर हात धरून ठेवा. कठडा सगळीकडे नाही.

८. कोणत्या महिन्यात जावं?

दर महिन्याचं रूप वेगळं, पण माझं मत विचाराल तर सप्टेंबरचे शेवटचे दोन आठवडे. डास गेलेले असतात, शेवाळ तांबडं-जांभळं झालेलं असतं, बर्चची पानं पिवळी, आणि सकाळी तळ्यांवर धुकं.

मे महिन्यात कापूसगवताचे पांढरे झुबके हलत असतात. जून-जुलै म्हणजे लांबलचक दिवस. जूनमध्ये टॅलिनला सूर्य चारच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेदहानंतर मावळतो. पण डासही तेवढेच. नोव्हेंबर करडा, ओला, उदास, टाळलात तरी चालेल. डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास असतो आणि साडेतीनच्या आत सूर्य गेलेला असतो, म्हणून सकाळचीच बस घ्या. थंडीत सगळं गोठून पांढरं झालेलं मैदान एकदा तरी बघावं असं आहे. फक्त दाबलेल्या बर्फाने फळ्या काचेसारख्या होतात, बुटांना अडकवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तेव्हा लागतात.

९. सूर्योदयाचे फोटो काढायचे आहेत. पहिल्या बसने जमेल?

जूनमध्ये नाही. चार वाजता कुठलीच बस तुम्हाला तिथे पोहोचवणार नाही. पण हाच प्रश्न उलटा करा: सूर्य केव्हा उशिरा उगवतो? सप्टेंबरच्या अखेरीला टॅलिनमध्ये सव्वासातच्या सुमारास, ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आठच्या पुढे. तेव्हा सकाळची पहिली बस किंवा ट्रेन कामाची ठरू शकते. केमेरीला स्टेशनपासूनचा पाऊण तास धरायला विसरू नका. अंधारातल्या चालण्यासाठी प्रश्न ६ मधली परावर्तक पट्टी लागेलच.

१०. ट्रेकिंगचे बूट हवेत का?

नाही. सह्याद्रीत घालता ते असतील तर उत्तम, नाहीतर चांगल्या पकडीचे साधे बूट. ओल्या फळीवर गुळगुळीत तळ घसरतो, काही ठिकाणी त्यासाठी फळ्यांवर जाळी ठोकलेली असते. टाचेचे बूट घालून आलेली एक मुलगी पाहिली होती, दोन फळ्यांच्या फटीत टाच अडकून ती जागच्या जागी खिळली होती. वारा अडवणारं जाकीट जुलैमध्येही बरोबर असू द्या. उघड्या मैदानावर सावली नाही आणि आडोसाही नाही, त्यामुळे टोपी दोन्ही कारणांसाठी लागते.

११. फळीवरून पाय घसरला तर माणूस खेचला जातो का?

सिनेमात जातो. प्रत्यक्षात दलदल माणसाला ओढत नाही. पाण्याने भरलेलं शेवाळ माणसाच्या शरीरापेक्षा फार हलकं नसतं, त्यामुळे डोक्यापर्यंत गडप होणं घडत नाही. घडतं ते असं: पाय गुडघ्यापर्यंत, कधी मांडीपर्यंत जातो, बूट आत राहतो, आणि तुम्ही थंड पाण्यात भिजून परतीच्या बसची वाट बघत थरथरता. थंडी हाच खरा धोका.

अपवाद तळ्याच्या काठाचा. तिथे पाण्यावर तरंगणारा शेवाळाचा जाड थर असतो. स्थानिक भाषेत त्याला ‘ऊत्सिक’ म्हणतात. वरून जमीनच वाटते, पण खाली खोल पाणी. तिथे पाय ठेवायचा नाही, फोटोसाठी तर नाहीच.

वाट सोडू नका याचं दुसरं कारण तुमच्याशी नव्हे, शेवाळाशी संबंधित आहे. वर्षाला मिलिमीटरने वाढणाऱ्या गालिच्यावर बुटाचा ठसा वर्षानुवर्षं राहतो. इथले लोक वाट सोडून जातात ते रुंद प्लास्टिकचे दलदल-जोडे बांधून, वाटाड्याबरोबर. अशा सहली पैसे भरून मिळतात आणि त्यात बहुधा टॅलिनहून ने-आण येते.

१२. त्या काळ्या पाण्यात लोक खरंच पोहतात? घाण नाही का ते?

घाण नाही, तपकिरी आहे. वनस्पतींतून उतरलेल्या आम्लांचा तो रंग. ओंजळीत घेतलंत तर कोऱ्या चहासारखं स्वच्छ दिसतं आणि हातालाही मऊ लागतं. पिऊ मात्र नका, पाणी बरोबर न्या.

पोहतात, आणि आवडीने. विरूला त्यासाठी लाकडी चौथरा आणि शिडी केलेली आहे. उतरायचं ते फक्त अशा ठिकाणी, कारण काठाची गोष्ट वरच्या उत्तरात सांगितलीच आहे. एक गंमत आधीच माहीत असू द्या: जुलैमध्ये वरचं वीतभर पाणी कोमट असतं आणि त्याखाली एकदम बर्फगार. पाय आधी आत जातात तेव्हा तोंडातून जो आवाज निघतो तो मराठीतच निघतो. तळ दिसत नाही आणि लागतही नाही, म्हणून पोहता न येणाऱ्याने शिडी सोडू नये. कपडे बदलायला खोली नाही, पंचा आणि कोरडे मोजे घ्या.

१३. साप, अस्वलं, गोचीड?

क्रम उलटा लावा. गोचीड पहिली.

एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत जंगलात आणि उंच गवतात गोचिडी असतात. त्यांच्यामुळे लाइम रोग आणि मेंदूला सूज आणणारा एक विषाणूजन्य आजार होऊ शकतो. दुसऱ्यावर लस आहे, पहिल्यावर प्रतिजैविकं. इथे राहणाऱ्यांनी लसीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. एक दिवस आलेल्यांनी लांब पँट मोज्यात खोचावी, वाटेच्या मधून चालावं आणि रात्री अंघोळीच्या वेळी काखा, जांघा, गुडघ्यामागची जागा, मुलांच्या केसांची कड नीट बघावी. दिसली तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढायची. तेल, रॉकेल, काडी, आजीचे कुठलेही उपाय करू नका. उघड्या फळीवाटेवर धोका कमी, पण तिथे पोहोचायचा रस्ता जंगलातलाच आहे.

साप: एस्टोनियातला एकमेव विषारी साप म्हणजे ‘रास्तिक’, एक घोणसवर्गीय छोटा साप. ऊन खायला कधी फळीवर पसरलेला असतो. पाय आपटा, थांबा, तो जातो. चावलाच तर ११२ लावा, हा क्रमांक दोन्ही देशांत चालतो. अस्वलं देशात आहेत, पण गर्दीच्या वाटेवर दिसायला नशीब लागतं.

१४. दोन तास चालून बघायचं काय? सगळं सारखंच दिसतं.

वाकून बघा. सगळी मजा घोट्याच्या खाली आहे.

शेवाळाच्या लाल भागात बारीक चमचे दिसतील, कडेला केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब. हा दवबिंदू, कीटक खाणारी वनस्पती. कास पठारावर पावसाळ्यात पाहिली असेल, तिथल्या जाती वेगळ्या पण कूळ तेच. कासच्या कातळावर मातीचा थर नावापुरता, इथे मातीच नाही, नुसतं पावसाचं पाणी. दोन्हीकडे खायला काही नाही म्हणून झाडाने माश्या धरायला सुरुवात केली. कासवर जिला सीतेची आसवं म्हणतात तिचीही भावंडं इथल्या पाण्यात आहेत. ती पाण्याखाली बारीक पिशव्या लावून कीटक पकडतात. साताऱ्याच्या माणसाला टॅलिनजवळ ओळखीचं काही भेटावं ते हे.

मग पाइन. खांद्याएवढं, मनगटाएवढ्या खोडाचं झाड शंभर वर्षांचं असू शकतं. मुळांना हवा नाही, अन्न नाही, त्यामुळे ते वाढत नाही, नुसतं टिकतं. दलदलीच्या कडेला तीच जात सरळ उंच वाढलेली दिसेल. कडेच्या जंगलात पांढऱ्या फुलांचं, कापरासारखा उग्र वास येणारं झुडूप आहे, ‘सोकाइल’. फार वेळ जवळ थांबलं तर डोकं जड होतं, तेव्हा तिथे डबा उघडू नका. आणि वसंतात किंवा सप्टेंबरात कान उघडे ठेवा, करकोच्यासारख्या दिसणाऱ्या क्रौंचांचा कर्कश, लांबवर जाणारा आवाज येतो. पक्षी दिसतोच असं नाही.

१५. केमेरीत सडक्या अंड्यांचा वास येतो. दलदलीचा का?

दलदलीवर नाही येत, गावात येतो, आणि तरी कारण दलदलच. तिचं पाणी खाली झिरपतं, जिप्समच्या थरातून जातं, आणि हवा नसलेल्या जागी जिवाणू त्यातल्या सल्फेटचं हायड्रोजन सल्फाइड करतात. त्या गंधकयुक्त पाण्यावर १८३८ मध्ये इथे आरोग्यस्नानांचं गाव वसलं. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या कुंडांची आठवण होईल, फक्त पाणी गार. स्टेशनजवळच्या बागेतला झरा ट्रेनची वाट बघताना बघून होतो.

१६. बेरी तोडल्या तर कुणी रागावेल का?

एस्टोनियात रानातल्या बेरी आणि अळंबी तोडणं हा सर्वांचा हक्क मानला जातो, सरकारी जंगलातही. जुलैत नारिंगी क्लाउडबेरी, सप्टेंबरपासून क्रॅनबेरी. पण फळीवरून हात पोहोचेल तेवढ्याच घ्या, कारण क्रॅनबेरीच्या मागे लागून वाट सोडणारेच भिजतात. संरक्षित क्षेत्रात काही ठिकाणी वेगळे नियम असतात, ते वाटेच्या तोंडाशी फलकावर लिहिलेले असतात. फुलं, दवबिंदू, शेवाळ उपटून आणायचं नाही. क्रॅनबेरी थंडी पडल्यावर गोड होतात म्हणतात. गोड म्हणजे आपल्या करवंदाच्या कच्च्या फळाइतक्या. लोणचं मात्र झकास होतं, मोहरीची डाळ जरा सढळ घाला.

१७. खायला काय मिळेल? शौचालय?

वाटेवर काहीही मिळत नाही. विरूला जाताना बाल्टी यामशेजारच्या बाजारातून घ्या, किंवा घरून आणा. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळपोळी, सगळं टिकतं. वाटेच्या तोंडाशी कोरडी शौचालयं आहेत, कागद आपला न्या. कचरा परत आणायचा, संत्र्याची सालंसुद्धा. प्रश्न १ मध्ये सांगितलं तसं इथे काहीच नीट कुजत नाही.

१८. हेलसिंकीहून एका दिवसात विरू होईल?

होईल, पण घड्याळावर. फेरीबोटीला दोन तास लागतात. बंदरापासून बाल्टी याम चालत वीसेक मिनिटं. सकाळची पहिली बोट, रात्रीची शेवटची, आणि मध्ये परतीची बस दोनदा तपासलेली असेल तर जमतं. जुनं शहर मग दुसऱ्या खेपेला. व्हिसाच्या दृष्टीने तिन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, पासपोर्ट खिशात असू द्या. आणि चाकांची बॅग नको. एक जोडपं विमानतळावरून थेट बॅगांसकट आलं होतं, फळ्यांच्या फटींवरून त्या बॅगांचा खडखडाट अर्ध्या दलदलीला ऐकू जात होता. स्टेशनवर किंवा बंदरावर लॉकरमध्ये ठेवा.

१९. तंबू ठोकून राहता येईल?

फक्त ठरवून दिलेल्या जागी. एस्टोनियात अशा जागा आणि चुली सरकारी वनव्यवस्थापन संस्था, ‘आरएमके’, सांभाळते. तिच्या नकाशावर त्या दिसतात. दलदलीवर शेकोटी अजिबात नाही. सुकलेलं पीट जमिनीखाली धुमसत राहतं आणि विझवता विझत नाही.

२०. पास्क्युलाला गेलो, तिथे तर नुसतं जंगल होतं. चुकीच्या जागी गेलो का?

नाही, बरोबर जागीच गेलात. तिथे पूर्वी पीट काढत असत, त्यासाठी चर खणून पाणी काढून टाकलं. पाणी गेलं की शेवाळ मरतं, हवा आत शिरते, पीट कुजायला लागतं आणि हजारो वर्षं धरून ठेवलेला कार्बन हवेत जातो. मोकळ्या जागेवर बर्च आणि पाइन भराभर वाढतात. शेजारी शहराची कचराभूमीही होती, ती २००३ मध्ये बंद झाली. जगाच्या जमिनीपैकी पीटची जमीन फक्त ३ टक्के, पण मातीतल्या कार्बनचा सुमारे तिसरा हिस्सा तिच्यात आहे. आपल्याकडे नर्सरीत नारळाच्या भुश्श्याला कोकोपीट म्हणतात, ते नाव या पीटवरूनच आलं. बागकामासाठी खरं पीट आजही एस्टोनिया आणि लाटव्हियातून परदेशी जातं.

विरूच्या दुसऱ्या टोकालाही पीट काढलेला उघडा पट्टा आहे, बहुतेक जण मनोऱ्यावरून परत फिरतात म्हणून त्यांना तो दिसत नाही. बसला वेळ असेल तर तिथपर्यंत जा. फळीच्या एका बाजूला जुना चर, त्याच्या कडेने पुन्हा धरू लागलेलं हिरवं शेवाळ. बोटाने दाबलंत तर पाणी वर येतं.